काच आतून गुळगुळीत होती

त्या खड्याला मी आजही शिव्या घालते. हरभऱ्याएवढा असेल, त्याहून मोठा नाही. चामोर्शीहून आष्टीकडे येताना गिट्टीच्या ट्रकच्या मागच्या चाकातून उडाला आणि आमच्या जीपच्या समोरच्या काचेवर, ड्रायव्हरच्या बरोब्बर तोंडासमोर, येऊन आपटला. जीप आमचे हे चालवत होते. घरी आल्यावर चपला काढता काढता हसत म्हणाले, "वाचलो ना अवं. काच नसती त कपाळातच घुसला असता." मीही हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

माझं माहेर वरोऱ्याचं. कापसाच्या बाजारपेठेचं गाव. तिथं माणूस रस्त्याच्या या कडेला उभा राहून त्या कडेच्या माणसाला भाव विचारतो आणि सगळा बाजार ऐकतो. लग्न होऊन मी मुलचेऱ्याला आले ती तसलाच गळा घेऊन. सासूबाईंनी मला स्वयंपाकाच्या आधी बोलणं शिकवलं. आल्या आल्या बाजारात एका भाजीवाल्याला मी सवयीनं "ओ दादा" म्हणून हाक मारली, तर त्यांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन दार लावून घेतलं आणि सांगितलं, "इथी दादा नाई म्हनाचं. दादा म्हनजे आतले." आतले म्हणजे जंगलातले, बंदुका घेऊन फिरणारे. "आन साहेब बी नाई म्हनाचं. साहेब म्हनजे पोलीस. सगळ्याइले भाऊ म्हनाचं. भाऊ म्हटलं का कोनाचं काई बिघडत नाई."

तेव्हा मला हे सगळं फार ताणलेलं वाटलं. सून नवी आहे म्हणून भीती घालतात, असंही वाटलं. पण नव्वदचं दशक संपून दोन हजार साल उजाडेपर्यंत मी इतकी तयार झाले होते की माहेरी गेल्यावरही सख्ख्या भावाला दादा म्हणताना अडखळायची. तो चिडवायचा, "काय गं, जंगलात जाऊन नातं विसरली काय?"

आमची जीप मुलचेऱ्याहून आष्टीपर्यंत सवाऱ्या न्यायची. आजूबाजूच्या निर्वासित बंगाली गावांतले लोक भाजी, मासे, कोंबड्या घेऊन बसायचे. शाळेचे मास्तर, दवाखान्याच्या नर्सबाई, कोर्टाच्या तारखेला निघालेले लोक, सगळे. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत तर उभं राहायला जागा नसायची. हे सवाऱ्यांशी गप्पा मारत गाडी हाकायचे. गप्पिष्ट माणूस. आवाज मोठा आणि हसणं त्याहून मोठं. त्यांच्या पोटात काही राहत नसे. मला हीच त्यांची गोष्ट आवडायची आणि याच गोष्टीची मला भीती वाटायची.

तर तो खडा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काच पाहिली. ड्रायव्हरच्या बाजूला मुगाएवढा पांढरा खळगा आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेघा. काच दुहेरी होती, दोन काचांच्या मध्ये पातळ पापुद्रा असलेली. मी आत बसून त्याच जागी बोट फिरवलं. आतून काहीच नव्हतं. हात लावला तर कळणारसुद्धा नाही की बाहेर काही झालंय. मी म्हटलं, "चंद्रपूरले नेऊन दाखवा. काचवाले आहेत तिथी. भरून देतात म्हने."

"एवढ्याशा टिकल्यासाठी चंद्रपूर?" हे म्हणाले आणि किल्ली फिरवून निघून गेले.

स्टँडवर चहावाल्यानं पहिल्यांदा विचारलं. "काऊन भाऊ, गोळी लागली काय?" तो हसला, हे हसले, बाकावरचे सगळे हसले. मग एक बंगाली काका पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले. काच समोर दिसली तसे ते पिशवी उचलून मागं जाऊन बसले. "गोली लगा है ना?" असं त्यांनी शेजारच्याला हळूच विचारलेलं ह्यांनी ऐकलं. दुपारच्या फेरीला पुढची सीट रिकामीच राहिली. गाडीत माणसं दाटीवाटीनं मागं बसलेली आणि ड्रायव्हरशेजारी कोणी नाही.

मला हे सांगितलं नव्हतं. मला कळलं ते हापशीवर. शेजारच्या आळीतली एक बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुमचे मालक बरे आहेत ना बाई? कुठी लागली?" मला वाटलं काहीतरी झालं, आत्ता झालं आणि गावाला माहीत आहे, फक्त मला नाही. मी कळशी तिथंच टाकून स्टँडवर पळत गेले. हे पारावर बसून चिवडा खात होते.

त्या दिवसापासून मी नीट झोपले नाही.

ज्यांनी ते दिवस तिथं काढले नाहीत त्यांना हे सांगून पटायचं नाही, तरी सांगते. तिथं गोळीपेक्षा गोळीमागून येणाऱ्या प्रश्नाची भीती जास्त होती. गाडीवर गोळी झाडली असेल तर कोणी झाडली? आतल्यांनी झाडली असेल तर याचा अर्थ तुम्ही पोलिसांना काहीतरी सांगता. पोलिसांनी झाडली असेल तर याचा अर्थ तुम्ही आतल्यांना बसवून नेता. दोन्हीकडून एकच निघायचं, की तुमच्या पोटात काहीतरी आहे. आणि ते काढून घ्यायला कोणीतरी येणार. एखाद्याला विचारायला नेलं, असं आम्ही ऐकायचो. तो परत आला, असं दर वेळी ऐकायला मिळायचं नाही. गोळी लागलीच नव्हती हे कोणाच्या दारात जाऊन सांगायचं? न विचारता सांगायला गेलो तर तोही एक पुरावाच.

मी रोज तेच म्हणत होते, चंद्रपूरला न्या, काचवाल्याकडून करून घ्या, बोंब मिटवा. ह्यांचं उत्तर ठरलेलं. काचवाल्याकडे नेली की दुकानातल्या दहा जणांसमोर काच जाणार, तो विचारणार, बाकीचे ऐकणार, गोष्ट मुलचेऱ्याची आहे ती चंद्रपूरभर होणार. आपणच भरली तर घरातली गोष्ट घरात राहते. त्यांचंही खोटं नव्हतं. पण घरातली गोष्ट घरात राहिली कुठं होती? ती माझ्या आधी हापशीवर पोहोचली होती.

मग तो माणूस आला.

बाजाराचा दिवस नव्हता. ह्यांची जीप स्टँडवर उभी होती. एक अनोळखी माणूस सायकल टेकवून चहा प्यायला बसला. साधा शर्ट, पायात रबरी बूट. चहा संपवून तो जीपजवळ आला, काचेकडे बराच वेळ पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "काचेले काय झालं?"

"दगड लागला," हे म्हणाले.

"हो काय," तो म्हणाला. सायकल घेतली आणि निघून गेला. कोणत्या गावचा, कोणी पाहिलेला नाही. चहावाला म्हणाला, मलाही माहीत नाही, आणि टेबल पुसायला लागला. पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत होता.

हे भरदुपारी घरी आले. दोन फेऱ्या सोडून. जेवले नाहीत. हा माणूस घरात गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहत होते. मी विचारलं तेव्हा एवढंच सांगितलं. आणि मग उठून दुकानात गेले आणि दोन नळ्यांचं ते चिकट घेऊन आले, अर्धं या नळीतलं, अर्धं त्या नळीतलं, मिसळून लावायचं. माझ्या डब्याच्या झाकणावर काडीनं कालवलं. मी म्हटलं, "थांबा ना, उद्या चंद्रपूरले जाऊ." ते म्हणाले, "उद्या कोन पाह्यला?"

खळग्यात चिकट भरलं, ब्लेडनं सपाट केलं. ते ठीकच झालं होतं म्हणा. पण मग ते आत जाऊन बसले आणि आतल्या बाजूनंही त्याच जागी लावायला लागले.

"आतून काऊन लावता? आतून त काईच नाई झालं."

"दोनीकडून धरलं त पक्कं होते."

"अवो पण आतून काच चांगली आहे. हात लावून पाह्या."

"तुले काय समजते काचेतलं?" हे ओरडले. भीती वाटली की पुरुष बायकोवर ओरडतो, एवढं मला तोपर्यंत समजत होतं, म्हणून मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून माझ्याच्यानं पुढे बोलवेना.

उन्हात ते वाळलं आणि पिवळं पडलं. बाहेरून एक पिवळा डाग, आतून बोराएवढं ढेकूळ. लांबून पाहिलं तर सरळ आरपार भोक पडलंय आणि कडा जळल्या आहेत, असंच दिसायचं. मी म्हटलं, "आतापर्यंत लोकाइले शंका होती, आता तुमी खात्री करून देली." ह्यांना हसू आलं नाही. मलाही बोलून झाल्यावर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्यावर मार्कंड्याच्या देवळाचं स्टिकर लावलं. जत्रेत घेतलेलं होतं, ट्रंकेत पडून होतं. देवाचं नाव समोर, कोणी काय बोलणार? तेवढ्यापुरतं मलाही बरं वाटलं. आणि आष्टीच्या नाक्यावर एका शिपायानं गाडी थांबवून काचेला नख लावलं. अर्धं स्टिकर सोलून काढलं आणि विचारलं, "काय झाकून राह्यला बे?"

हे म्हणाले, दगड लागला.

"दगड लागला त झाकला काऊन?"

शिपायानं गाडीचा नंबर पाहिला, ह्यांच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, सोमवारी साहेब येतात, गाडी घेऊन ये, दाखव. एवढंच. मारलं नाही, शिवी दिली नाही. पण हे घरी आले ते रंग उडून. माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आता दोनी बाजूनं विचारून राह्यले."

मी ठरवलं. आता ह्यांचं ऐकायचं नाही. सोमवारच्या आधी चंद्रपूरला जायचं, काचवाल्याला दाखवायची, भरली तर भरायची, नाहीतर बदलायची आणि जुनी काच सोबत घेऊन यायची. साहेबांना जुनी काच दाखवू. मी म्हटलं, "मी बी येतो. बाई बसली असली त कोनी जास्त विचारत नाई." खरं सांगायचं तर मला घरी बसून वाट पाहण्याची भीती जास्त होती.

सवाऱ्या घेतल्या नाहीत. सकाळी कोवळ्या उन्हात निघालो. गाडीत दोघंच. अर्धं सोललेलं स्टिकर तसंच होतं, कळसाचा भाग गेलेला, पायऱ्या उरलेल्या. खड्ड्यात गाडी आदळली की मी काचेकडे पाहायची. खळग्यातून निघालेली एक रेघ आता वर वर चालली होती. प्रत्येक धक्क्याला थोडी थोडी. मी ह्यांना सांगितलं नाही. त्यांनाही दिसत होतीच.

लगाम गावाच्या अलीकडे रस्त्याला दोन्ही बाजूंनी साग आहे. वळण घेतलं आणि समोर रस्त्यावर बांबू आडवे टाकलेले. हे ब्रेक दाबतात न दाबतात तोच दोन्ही बाजूंच्या झाडीतून माणसं बाहेर आली. हिरवट मळकट कपडे, खांद्याला बंदुका. चार-पाच असतील. मला मोजायचं सुचलं नाही.

ते कोण होते, मला आजही माहीत नाही. कपड्यांवरून कळायचं नाही, कारण त्या जंगलात दोघांचे कपडे सारखेच दिसायचे. घाम सारखाच, बूट सारखेच. टोपी नव्हती, पट्टी नव्हती. बोलले तेही आपल्या इथल्यासारखंच.

"उतर."

हे उतरले. दोन्ही हात आपसूक वर गेले. आणि रोज नाक्यावर बोलायची सवय म्हणा की जीव घाबरला म्हणा, ह्यांच्या तोंडून निघालं, "साहेब..."

त्यांच्यातला एक जवळ आला. उंच, दाढी वाढलेली. त्यानं अगदी हळू विचारलं, "कोनता साहेब?"

सासूबाईंचा तो चिमटा मला त्या क्षणी दंडावर जाणवला. ह्यांचे ओठ हलत होते, आवाज नाही. आयुष्यभर ज्या माणसाचं तोंड बंद करता आलं नव्हतं त्याच्या तोंडाला कुलूप लागलं, आणि ते आत्ता उघडलं नाही तर माझं सगळं संपेल असं वाटलं. मी गाडीतून उतरले. मी म्हटलं, "भाऊ, काय झालं सांगा ना भाऊ. काच बसवाले चाललो आमी चंद्रपूरले. दगड लागला भाऊ."

भाऊ, भाऊ, भाऊ. एका वाक्यात किती वेळा म्हटलं देव जाणे.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. काचेजवळ गेला. उरलेलं स्टिकर ओढून काढलं आणि पिवळ्या डागावर बोट ठेवलं. मग गाडीत वाकला, आतून त्याच जागी हात नेला. त्याचं बोट ढेकळावर थांबलं.

"आतून बी आहे," तो मागच्यांना म्हणाला. "आरपार आहे."

"नाई भाऊ. आतून चिकट आहे फक्त. यायनंच लावलं."

"दगड लागला ना?"

"हो भाऊ."

"बाहेरून लागला?"

"हो."

"मंग आतून काऊन लावलं?"

काय सांगू? तुमच्या भीतीनं लावलं, असं? पण तुम्ही कोण, हेच मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "भेव वाटला म्हून."

"कोनाचा?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते हात वर करून उभे होते, डोळे मिटलेले, घाम हनुवटीवरून गळत होता. तो जर म्हणाला असता की याला घेऊन चला, तर मी काय करणार होते? मी काहीच करू शकले नसते. रडले असते, पाया पडले असते, आणि मग रिकाम्या जीपजवळ उभी राहिले असते. मला गाडीसुद्धा चालवता येत नव्हती.

मी म्हटलं, "सगळ्याइचाच भाऊ."

त्यानं ढेकळावरून बोट काढून घेतलं. मग तो म्हणाला, "काढ ते."

मी गाडीत चढून गुडघ्यांवर बसले. मंगळसूत्रात अडकवलेली पिन काढली आणि ढेकळाच्या कडेला खुपसली. निघेना. दगडासारखं झालं होतं. पिन वाकली. मी नखं लावली. एका बोटाचं नख मुळापासून उलटलं, ते मला नंतर कळलं. "दोनीकडून धरलं त पक्कं होते," ह्यांनी म्हटलं होतं ना, ते इतकं खरं निघावं? मी मनातल्या मनात ह्यांना, त्या चिकट विकणाऱ्याला, त्या ट्रकला, सगळ्यांना शिव्या घातल्या. देवाचं नाव आठवलं नाही, शिव्याच आठवल्या. खरवडता खरवडता काचेवर आडव्यातिडव्या रेघा उठल्या. हिरव्या कपड्यांतला तो माणूस बाजूला उभा राहून पाहत होता. आणि मग पिन कशी कोण जाणे आत शिरली, आणि ते सगळं ढेकूळ एका झटक्यात निघून माझ्या मांडीवर पडलं.

"पाह्या भाऊ," मी म्हटलं. "हात लावून पाह्या."

त्यानं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मी त्या बोटाकडे पाहत होते. काच आतून गुळगुळीत होती.

त्यानं हात पँटला पुसला. मागच्यांना मान हलवली, त्यांनी बांबू ओढून बाजूला घेतले. तो ह्यांच्यासमोर जाऊन म्हणाला, "हात खाली कर. काच बदल. अशी घेऊन फिरू नको. लोक म्हनतात आमी मारली."

आमी म्हणजे कोण? तेही त्यानं सांगितलं नाही. झाडीत शिरले आणि गेले.

ह्यांनी गाडी सरळ आष्टीच्या पुलापर्यंत नेली. नाक्यावर दांडा वर होता, कोणी थांबवलं नाही. वैनगंगा ओलांडून गोंडपिपरीच्या अलीकडे ह्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले आणि ओकले. मी पाणी दिलं. तेव्हा माझ्या बोटाचं रक्त बाटलीला लागलेलं दिसलं आणि ते माझा हात धरून रडायला लागले. मी म्हटलं, चला, ऊन वाढून राह्यलं. दुसरं काय म्हणणार?

चंद्रपूरच्या काचवाल्या चाचांचं दुकान म्हणजे रस्त्याकडेला एक टिनाचं शेड. तिथं काढलेल्या जुन्या काचा भिंतीला टेकवून ठेवलेल्या, आणि चाचा त्या एकेकीचा इतिहास सांगायचे. ही लग्नाच्या गाडीची, ही रानडुकराला धडकली, ही नवरा-बायकोच्या भांडणात फुटली. बोलायची हौस एवढी की गिऱ्हाईक कंटाळून जावं. आमची जीप पाहिल्याबरोबर त्यांनी शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारली, "अरे आ, देख, गोळीची काच आली!"

मी इतक्या जोरात "नाई" म्हणाले की पंक्चरवाला जागच्या जागी थांबला. वरोऱ्याचा गळा इतक्या वर्षांनी परत आला होता. "दगडाची आहे चाचा. आतून हात लावून पाह्या."

चाचांनी हात लावला. "हां, दगडच आहे," ते जरासे नाराज होऊन म्हणाले. मग वाकून रेघ पाहिली, वरपर्यंत गेलेली. नागपूरहून आणलेलं पिचकारीसारखं एक यंत्र त्यांनी आम्हाला दाखवलं. खळग्यातली हवा ओढून घ्यायची, औषधाचा थेंब सोडायचा, उन्हात वाळवायचं, संपलं काम. "लागला तेव्हाच आनली असती त इथल्या इथं भरून देलं असतं. चहा होईपर्यंत झालं असतं. दिसलं बी नसतं. आता हे चिकट घुसलं अंदर, आन रेघ बी गेली वर. बदलावी लागंन." आणि आतल्या ओरखड्यांवर अंगठा फिरवत विचारलं, "ये किसने किया? असं खरवडते काय कोनी काच?"

हे माझ्याकडे पाहायला लागले. मी पदराखाली बोट झाकलं.

चाचांनी रबर सैल केलं, जुनी काच अलगद बाहेर काढली, नवीन काचेच्या रबरात दोरी घातली आणि आतून ती दोरी ओढत ओढत काच बसवली. बोलत होते सारखे, पण हात चुकत नव्हता. जुनी काच उचलून ते भिंतीकडे निघाले, तशी मी मध्ये गेले. तिथं ती टेकली असती तर दुसऱ्या दिवशीपासून ती गोळीची काच झाली असती आणि चाचांनी येणाऱ्याजाणाऱ्याला आमचं गाव सांगितलं असतं. मी म्हटलं, "आमाले पायजे ती."

"फुटकी काच? काय करता बाई?"

"पायजे."

पोत्यांवर आडवी ठेवून आम्ही ती परत आणली. सोमवारी हे ती नाक्यावर घेऊन गेले. तो शिपाई तिथं नव्हता, त्याची बदली झाली होती म्हणे. दुसऱ्यानं विचारलं, कोणती काच? ह्यांनी सांगायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, जा बाबा, गर्दी करू नको. ह्यांनी तरी त्याला म्हटलं, एकदा आतून हात लावून पाह्या ना. त्यानं हात लावला नाही.

रबरी बूट घातलेला तो सायकलवाला पुन्हा कधी दिसला नाही. पुढच्या सीटवर माणसं परत बसायला लागली. पण ह्यांचं बोलणं परत आलं नाही. सवाऱ्या बोलायच्या, हे ऐकायचे. पुढं काही वर्षांनी जीप विकली आणि बांधाला लागून थोडी शेती घेतली, तीच करतात.

काच गोठ्यात आहे. आतली बाजू समोर करून, पोतं झाकून, भिंतीला टेकवून ठेवलेली. दर दिवाळीला मी झाडायला जाते तेव्हा पोतं उचलून पाहते, माझ्या पिनेच्या रेघा तशाच आहेत. गेल्या दिवाळीत मी ह्यांना म्हटलं, "एवढी वर्षं झाली. रस्ते झाले, मोबाईल आले, तो नाका बी उठला. भंगारवाला बाहेर उभा आहे, देऊन टाकू."

हे आले. वाकले, पोतं बाजूला केलं, आणि आतल्या बाजूनं बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा.

"राहू दे," ते म्हणाले. "कोनी विचारलं त?"

मी बाहेर जाऊन भंगारवाल्याला काही नाही म्हणून सांगितलं, आणि परत येऊन पोतं नीट ओढून घेतलं.